लेन्स बसली, फोकस होईना: एका ७०-३०० चं प्रकरण

यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे सर गेल्या हिवाळ्यात एक लेन्स घेऊन अडकले. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. विकणारा सरळ माणूस, लेन्स ठणठणीत, भाव रास्त आणि सल्ला देणारे सगळे अनुभवी. तरी नऊ हजार मोजून घरी आणलेली ती लेन्स त्यांच्या कॅमेऱ्यावर एकही धड फोटो देईना. सरांना विचारून आणि नावं झाकून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितोय. आमच्याकडे दर दिवाळीनंतर कुणी ना कुणी ‘पक्ष्यांसाठी कोणती लेन्स घेऊ?’ असं विचारतो आणि चहा संपायच्या आत त्याला सात उत्तरं मिळतात.

आम्ही म्हणजे भुसावळ, फैजपूर, जळगाव, चोपडा इकडची हौशी मंडळी. रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत, जळगावचे एक डॉक्टर आहेत, दोन केळी बागायतदार आहेत. फैजपूरकडचा एक भाऊ लग्नाचे फोटो काढतो. ज्याची चूल कॅमेऱ्यावर पेटते असा आमच्यात तो एकटाच. थंडी पडली की रविवारी पहाटे हतनूर गाठायचं हा नेम. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात त्या चांगदेवच्या खाली हे धरण. एक्केचाळीस दरवाजांच्या त्या भिंतीमागे पाणी लांबवर पसरतं, उथळ जागी गाळाची बेटं उघडी पडतात आणि थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे थव्याने उतरतात. फक्त ते उतरतात काठापासून लांब.

सरांकडे निकॉनचा डी ३२००, हे २०१२ सालचं मॉडेल. त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स (हे आकडे मिलिमीटरमधले; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). शाळेचं स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, केळीच्या बागा, सातपुड्याचे ढग हे सगळं त्यांनी त्यावर छान काढलं होतं. हतनूरला मात्र ५५ मिलिमीटरवर चक्रवाक म्हणजे पाण्यावर सांडलेला नारिंगी ठिपका. लांबची लेन्स हवी होती, यात वाद नव्हता.

सल्ले कसे आले

डॉक्टरांकडे सोनीची बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, आणि २००-६०० लेन्स. ते म्हणाले, ६०० च्या खाली पक्षी होत नाहीत, थोडं थांबा, पैसे साठवा आणि मिररलेसच (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्या. बागायतदारांपैकी एकाकडे टॅमरॉनची १५०-६००. त्याचं म्हणणं, जुनी मिळते, घेऊन टाका. काका पक्के कॅननवाले. ५५-२५० वर त्यांनी इतकं सुंदर काम केलंय की त्यांच्या लेखी महाग लेन्स म्हणजे कच्चा हात झाकायचं साधन. त्यांनी सांगितलं, "साधी तीनशेची घ्या. माउंट बसला म्हणजे झालं, भो."

माउंट म्हणजे कॅमेऱ्याचं लेन्स बसवायचं तोंड. काकांचं हे वाक्य त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं आहे. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला तेव्हा जुन्याशी नातं तोडून सगळं विजेवर नेलं. फोकसची मोटर लेन्समध्ये, प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं नियंत्रणही विजेवर. त्यामुळे कोणतीही ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर (कॅननच्या आरसावाल्या कॅमेऱ्यावर) लावा, फोकस होणारच. ईएफ-एस लेन्स फक्त लहान सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चकतीच्या) बॉडीवर लावायच्या, तेवढं पथ्य सोडलं तर कॅननवाल्याला ‘ही लेन्स माझ्या बॉडीवर चालेल का?’ हा प्रश्न आयुष्यात पडत नाही. निकॉनवाल्याला तो रोज पडायला हवा.

फैजपूरच्या भाऊने सल्ल्यासोबत मालही पुढे केला. त्याचा डी ५६०० दोन लेन्सच्या किटमध्ये आला होता: १८-५५ आणि ७०-३००. लग्नात ७०-३०० फारशी निघत नाही. अंधाऱ्या मंगल कार्यालयात एफ/६.३ ची, म्हणजे कमी उजेड आत घेणारी लेन्स काय कामाची? ती कपाटात पडून होती. पूर्ण नाव एएफ-पी डीएक्स निकॉर ७०-३०० एफ/४.५-६.३ जी ईडी व्हीआर. "एकदम गपचूप फोकस करते सर, आवाज पण नाही येत. जुन्या ५५-३०० पेक्षा कितीतरी फास्ट." हेही खरं.

सर शनिवारी दुपारी केंद्रातली शिक्षण परिषद आटोपून परस्पर फैजपूरला गेले. स्वतःचा कॅमेरा घरी. भाऊने स्वतःच्या डी ५६०० वर लेन्स लावून दाखवली. रस्त्यापलीकडे थांबलेल्या केळीच्या ट्रकची नंबरप्लेट टोकदार आली, आतली काच विजेरी लावून पाहिली, बुरशी नाही, ओरखडा नाही. जुनी लेन्स घेताना जे जे बघायचं ते सगळं बघितलं, एक गोष्ट सोडून.

रात्री घरी लेन्स लावली. खट्ट आवाज करून ती व्यवस्थित बसली. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धुकट. बटण अर्धं दाबलं, काही नाही. हाताने फोकस करावा म्हणून रिंग फिरवली, तर ती नुसतीच फिरतेय, चित्र जागचं हलत नाही. सरांना वाटलं, बसमध्ये धक्का लागून लेन्स गेली. रात्रभर त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हतनूरला काकांच्या हातात देत म्हणाले, "मले वाटतं, मोटरच बसली."

काकांनी रिंग फिरवून पाहिली आणि तेही म्हणाले, बसली. मग भाऊने तीच लेन्स आपल्या बॉडीवर लावली आणि ती क्षणात फोकस झाली.

नेमकं काय झालं होतं

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. तेव्हाची लेन्सही आजच्या डीएसएलआरच्या तोंडावर बरीचशी बसते, आणि निकॉनवाले हे अभिमानाने सांगतात. पण तोंड एकच ठेवून आतलं यंत्र कंपनीने अनेकदा बदललं. सुरुवातीच्या एएफ (आपोआप फोकस होणाऱ्या) लेन्सना स्वतःची मोटर नव्हती. बॉडीतली मोटर एका बारीक दांड्याने लेन्सचा स्क्रू फिरवायची. मग एएफ-एस आल्या, त्यांची मोटर लेन्सच्या पोटात. २००६ च्या डी ४० पासून स्वस्त बॉडींमधली मोटर काढून टाकली गेली, म्हणून डी ३००० आणि डी ५००० या मालिकांवर जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. हा खड्डा आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनाही होता. त्यांनी भाऊला आधी तेच विचारलं होतं, "मोटर लेन्समध्ये आहे ना?" भाऊ म्हणाला, "हाव सर, लेन्समध्येच." बरोबर उत्तर. पण प्रश्न आता अपुरा ठरला होता.

कारण २०१६ मध्ये निकॉनने एएफ-पी आणल्या. यातली मोटर वेगळ्या जातीची, ठरावीक पावलांनी सरकणारी स्टेपिंग मोटर. तिला हुकूम देण्याची भाषा बॉडीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, असावी लागते. डी ३१००, डी ३२००, डी ५१००, डी ९० अशा आधीच्या बॉडींना ती भाषा येत नाही आणि पुढे शिकवलीही गेली नाही. दुसरं, आणि सरांना गोंधळात टाकणारं कारण म्हणजे रिंग. एएफ-एस लेन्समध्ये रिंग आणि काचा यांच्यात प्रत्यक्ष दाते असतात. मोटर मेली तरी हाताने फोकस होतो. एएफ-पीमध्ये रिंग काचेला जोडलेलीच नाही. ती फिरवली की बॉडीमार्फत मोटरला सूचना जाते. बॉडीला लेन्स ओळखता येत नसेल तर स्वयंचलितही नाही आणि हातचंही नाही. लेन्स धडधाकट असून मेल्यासारखी वागते.

डी ३३००, डी ५३००, डी ५५०० या मधल्या पिढीला फर्मवेअर अद्ययावत करून एएफ-पी चालते. डी ३४००, डी ५६००, डी ७५०० आणि पुढच्यांना काहीच करावं लागत नाही. निकॉन ही यादी स्वतः देतं, सोप्या भाषेत, कुणालाही वाचता येईल अशी. लेन्सच्या नावात ‘पी’ दिसला की यादी बघायची, एवढंच. पण यादी बघायला आधी शंका यावी लागते, आणि सल्ला देणाऱ्या सात जणांपैकी एकालाही ती आली नाही. कुणाचं अज्ञान म्हणून नव्हे. प्रत्येकाच्या स्वतःच्या सामानात ही अडचण अस्तित्वातच नव्हती. सरांची बॉडी कोणती हे सगळ्यांना माहीत होतं, रोज डोळ्यांसमोर होती. लेन्सबद्दल बोलताना तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

परत करायची की बॉडी बदलायची

भाऊ भला. त्याच जागी म्हणाला, "परत घेतो सर, पैशांचं काही नाही." त्यामुळे सरांच्या हातात खरा पर्याय होता, आणि प्रकरणाचा मला सगळ्यात रस असलेला भाग इथून सुरू होतो. नेहमी इथे घाईघाईत दुसरी खरेदी होते. यावेळी काकांनीच अट घातली की जे ठरवायचं ते हतनूरवर, सामान लावून बघून.

पर्याय तीन होते. एक, एएफ-पी परत करून डी ३२०० ला चालणारी जुनी एएफ-एस ५५-२०० किंवा ५५-३०० घ्यायची. दुसरा, लेन्स ठेवायची आणि बॉडी बदलायची. तिसरा डॉक्टरांचा: दोन्ही विकून निकॉनचा मिररलेस झेड ५० आणि त्याची ५०-२५०. तिसऱ्याला पैसेच नव्हते, म्हणून तो तिथल्या तिथे बाजूला पडला.

चोपड्याच्या एका मित्राची ५५-३०० आली. पहिल्या रविवारी सरांनी डी ३२०० वर ५५-३०० लावली आणि शेजारी भाऊच्या डी ५६०० वर एएफ-पी ७०-३००. बसलेल्या पक्ष्यांवर, सकाळी नऊच्या आधी, दोघांत फार फरक नव्हता. दोन्हींचे सेन्सर २४ मेगापिक्सेलचे. घरी शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर डी ५६०० किंचित खुसखुशीत, कारण त्यात लो-पास फिल्टर (सेन्सरसमोरची, चित्र किंचित मऊ करणारी काच) नाही. पण फोनवर किंवा छापील पानावर ते कुणाला कळणार? उडत्या पक्ष्यांवर मात्र चित्र पालटलं. थापट्यांचा थवा उठला की ५५-३०० पुढे-मागे चाचपडत राही आणि थवा निघून जाई. एएफ-पी धरून ठेवी.

भाऊ लगेच म्हणाला, बघा, लेन्सचा फरक. पण इथे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, लेन्सही आणि बॉडीही. मग चोपड्याची ५५-३०० डी ५६०० वर लावली. आता ती आधीपेक्षा बरी चालली, तरी एएफ-पीच्या जवळ गेली नाही. म्हणजे गुण दोघांचे. डी ३२०० मध्ये फोकसचे ११ बिंदू, त्यात क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) एकच, मधला. डी ५६०० मध्ये ३९, त्यात नऊ क्रॉस. उडता पक्षी मधल्या एका बिंदूवर धरून ठेवायचा म्हणजे हाताचं कसब लागतं, आणि सर अजून त्या वाटेवर नवे होते.

एवढ्यावरून सरांनी लेन्स ठेवली आणि बॉडी बदलायचं ठरवलं. डी ५६०० आवाक्याबाहेर, म्हणून सेकंडहँड डी ५३०० शोधला. तोही ३९ बिंदूंचा, सेकंदाला पाच फ्रेमचा, लो-पास फिल्टर नसलेला. शिवाय डी ३२०० चीच बॅटरी त्यात चालते, म्हणजे सरांकडची जादा बॅटरी वाया गेली नाही. आणि त्यांची १८-५५ एएफ-एस असल्याने तीही राहिली.

जळगावला कॅमेरा बघायला जाताना यावेळी पिशवी आधी भरली. एएफ-पी लेन्स, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, आणि निकॉनकडून उतरवून घेतलेली फर्मवेअरची फाइल टाकलेलं कार्ड. हे शेवटचं कामी आलं. त्या बॉडीत मूळचंच फर्मवेअर होतं, मालकाने कधी हात लावला नव्हता. लेन्स लावली तर पुन्हा तेच धुकं. सरांचा चेहरा उतरला, भाऊ हसायला लागला. मालकाची परवानगी घेऊन मेन्यूतून अद्ययावत केलं. ते चालू असताना कॅमेरा बंद करायचा नाही आणि बॅटरी काढायची नाही, नाहीतर बॉडी निकामी होऊ शकते. त्या काही मिनिटांत कुणी बोललं नाही. मग कॅमेरा चालू केला, बटण अर्धं दाबलं, लेन्स फोकस झाली.

जुनं सामान घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की विकणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर बघितलेली लेन्स ही त्याच्या घरची परीक्षा असते. आपलं सामान पिशवीत नसेल तर फक्त चहा पिऊन परत यावं.

तरी फोटो मऊच

इथे संपायला हवं होतं, पण जानेवारीत सर परत कुरकुरायला लागले. फोटो टोकदार नाहीत. लगेच पुन्हा ‘सहाशे घ्या’चा गजर. डॉक्टरांनी तर वनपिंगळ्याचा दाखला दिला. तो दाखला सरांच्या दुखऱ्या जागी बसणारा होता, कारण वनपिंगळा हे त्यांचं जुनं स्वप्न. एकोणिसाव्या शतकानंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता, नामशेष झाला असंच मानत होते. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो आपल्याच शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. दिवसाही वावरणारं घुबड, पर्णहीन फांदीवर उघड्यावर बसणारं. डॉक्टरांचा मुद्दा असा की इतक्या दुर्मीळ पक्ष्याला त्रास न देता फोटो काढायचा तर लांबूनच काढावा लागेल आणि लांबून म्हणजे ६००. हा मुद्दा मला पटतो. मोठ्या लेन्सच्या बाजूने मी ऐकलेला तो सगळ्यात चांगला युक्तिवाद आहे. (जागा कुणाला सांगायची नाही आणि फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, यावर आमच्यात मतभेद नाहीत.)

पण सरांची तक्रार हतनूरच्या फोटोंबद्दल होती. म्हणून सगळ्यांनी आधी फोटो मागितले, मूळ फाइली, आकडे पुसलेले फॉरवर्ड नव्हेत. फाइलमध्ये शटर स्पीड, छिद्र, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), वेळ हे सगळं लिहिलेलं असतं. ते उघडल्यावर ‘मऊ’ या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळ्या अडचणी निघाल्या.

पहिली: सकाळी सातचे फोटो, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास. ३०० मिमी लेन्स लहान सेन्सरवर ४५० सारखी वागते. जुना ठोकताळा (शटर निदान एक भागिले लेन्सचा आकडा) लावला तरी निदान १/५०० हवं, आणि उडत्या पक्ष्याला १/१६०० च्या पुढे. सरांचा समज होता की व्हीआर आहे म्हणजे कमी शटर चालतो. व्हीआर आपला हात सावरतो, बदकाचे पंख नाही. ऑटो आयएसओ लावून त्यात किमान शटर स्पीड ठरवून दिला आणि आयएसओ १६०० पर्यंत जाऊ दिला, तेव्हा ही अडचण एका सकाळीत गेली. फोटोत दाणे वाढले. पण दाणे काढता येतात, हललेलं चित्र नीट करता येत नाही.

दुसरी: काही फोटोंत पक्षी मऊ आणि मागचं गवत टोकदार. म्हणजे फोकस चुकला. सगळे ३९ बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले की तो जवळचं नाहीतर ठसठशीत काहीतरी पकडतो. बसलेल्या पक्ष्याला एकच बिंदू, उडत्याला सतत फोकस आणि नऊ बिंदूंचा गट, असं करून पाहिलं. सुधारणा झाली, पूर्ण नाही. यात अजून सराव बाकी आहे.

तिसरी सगळ्यात फसवी. साडेदहानंतरचे फोटो: शटर १/२०००, फोकस बरोबर, हात स्थिर, आणि तरी बदकाच्या कडा पाण्यात बुडवल्यासारख्या वाकड्या. ही हवा. ऊन चढलं की गाळाची बेटं तापतात, पाणी गार राहतं, वर वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर हलायला लागतात आणि प्रकाश त्यातून वळत येतो. पक्षी जितका लांब तितकी जास्त हवा मधे. याला कोणतीही लेन्स उपाय नाही. उलट ६०० वर हे थरथरणं मोठं होऊन दिसतं. डॉक्टरांच्या दुपारच्या फाइली मागितल्या तेव्हा त्यांच्यातही तेच निघालं. ते त्यांनी मोकळेपणी मान्य केलं, हे सांगायला हवं. उपाय दोनच: ऊन चढायच्या आत काम संपवायचं, किंवा पक्ष्याच्या जवळ जायचं. आपल्याकडे फेब्रुवारीपासूनच ऊन चावायला लागतं, तेव्हा तर नऊ वाजताच कॅमेरा पिशवीत गेलेला बरा.

तिन्ही ओळखायची खूण काकांनी सरांना कागदावर लिहून दिली. ती इथे देतो, कारण ती कुठल्याही लेन्सला लागू आहे. एकाच स्थिर पक्ष्याचे आठ-दहा फोटो सलग काढायचे. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर शटर कमी. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं काही टोकदार असेल तर फोकस. एका फोटोत डोळा स्पष्ट आणि शेपूट वाकडी, पुढच्यात शेपूट स्पष्ट आणि डोळा वाकडा असं झालं तर हवा, घरी जा.

लॅपटॉप

एडिटिंगचा भाग थोडक्यात. सरांचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. शाळेची ऑनलाइन कामंही त्यावरच. सगळ्यांनी लाइटरूम सांगितलं. लाइटरूमची एकदाच विकत घ्यायची आवृत्ती २०१५ च्या लाइटरूम ६ नंतर आली नाही, आता वर्गणी भरत राहावी लागते. मग कुणीतरी हळूच ‘क्रॅक मिळतं’ म्हणालं. ज्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांची माहिती आहे त्यावर कुणीतरी कुलूप फोडून दिलेलं सॉफ्टवेअर टाकायचं? चोरीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हा शुद्ध वेडेपणा आहे. तिथे मी जरा चढ्या आवाजात बोललो.

डार्कटेबल फुकट आहे आणि ताकदीचं आहे, पण त्याची शिडी उभी आहे आणि सरांच्या लॅपटॉपवर एकेक बदल दिसायला इतका वेळ लागे की आधी काय सरकवलं ते विसरायला होई. निकॉनचं स्वतःचं एनएक्स स्टुडिओ, २०२१ पासूनचं, तेही फुकट. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडली की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसले तेच रंग समोर येतात, ही त्यातली सोय. त्यावर ठरलं. पण तेही रखडायचंच. शेवटी भुसावळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून लॅपटॉपमध्ये एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम टाकून घेतली. सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त समाधान देणारा खर्च हाच, असं सर म्हणतात, आणि सल्ल्याच्या सात उत्तरांत तो कुठेच नव्हता.

कामाची पद्धतही बदलली. रॉ आणि जेपेग दोन्ही काढायचे, जेपेग फोनवर बघून निवड करायची, निवडलेल्या मोजक्यांच्याच रॉ फाइली लॅपटॉपवर उघडायच्या. बाकीचे फोनवरच्या स्नॅपसीड ॲपमध्ये सरळ करून, कापून पाठवून द्यायचे. कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणे काढायची सोय लाइटरूममध्ये २०२३ पासून आहे आणि ती खरंच चांगली आहे, पण तिला दमदार ग्राफिक कार्ड लागतं. सरांच्या यंत्रावर ती सुचवणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच सामानावरून सल्ला देणं.

हिशेब आणि मतभेद

लेन्स नऊ हजार. डी ५३०० बॉडी एकोणीस हजार. डी ३२०० ची नुसती बॉडी साडेआठ हजारांना गेली, म्हणजे निव्वळ साडेदहा. लॅपटॉप साडेचार. सगळे मिळून चोवीस हजार. पहिल्याच रविवारी ५५-२०० सारखी जुनी एएफ-एस घेतली असती तर पाच हजारांच्या आसपास भागलं असतं आणि बसलेल्या पक्ष्यांचे फोटो जवळपास असेच आले असते. उडत्यांचे आले नसते. यातलं काय महाग आणि काय स्वस्त, यावर आमच्यात आजही एकमत नाही.

काका म्हणतात, ५५-२०० घेऊन सरांनी वर्षभर हात बसवायला हवा होता, बॉडी बदलायची काही गरज नव्हती. भाऊच्या मते हा सौदा उत्तम झाला. त्याची लेन्स विकली गेली हे लक्षात घेऊनही त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डॉक्टर ठाम आहेत की चोवीस हजार चुकीच्या घरात गुंतले. निकॉनने २०१८ मध्ये मिररलेससाठी झेड माउंट आणला, स्वस्त डीएसएलआर बनवणं बंद केलं, पुढचं सगळं तिकडेच येणार आणि एफ माउंटच्या सामानाची किंमत घसरत जाणार. अंदाज बरोबर आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की घसरण होतेय म्हणूनच एकोणीस हजारांत डी ५३०० मिळाला, आणि ही एएफ-पी लेन्स उद्या ॲडाप्टर लावून झेड बॉडीवरही चालते. बॉडीला मोटर नसल्याने जुन्या स्क्रूवाल्या लेन्सचं तिथे तसं होत नाही. डॉक्टर म्हणाले, मग ॲडाप्टरचे पैसे पण धरा हिशेबात.

सरांना विचारलं, मिररलेसचं काय ठरवलं? ते म्हणाले, "जूनमध्ये पोरीची ॲडमिशन आहे. त्याच्या पुढचं पुढे बघू."